तिरपा सात

४ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी लिहिलंस. पहिली चार वाक्यं तिकडच्या थंडीवर, पुढची दोन स्वतःच्या गुडघ्यांवर, आणि मुद्दा शेवटच्या ओळीत, घडीच्या जागी, म्हणजे वाचलं नाही तरी चालेल असा. मी वाचला. वीस फेब्रुवारीला, आप्पा ऑफिसर होते ती मोटारींची कंपनी कायमची बंद होते आहे, त्या दिवशी सगळे बगळेवाले आपापल्या गाड्या घेऊन फाटकातून आत जाणार आहेत, आणि तुला यायचं आहे. महिनाभर माझ्याकडे राहायचं, आप्पांच्या गाडीत माझ्या शेजारी बसायचं, जाताना तू चालवायची आणि येताना मी. बेत छान आहे. तुझे बेत नेहमीच छान असतात.

इथे अजून चौतीस बगळे शिल्लक आहेत. त्यातले निम्मे एरवी उभेच असतात. बोनेटवरचा पितळी बगळा एका पायावर उभा आणि खालची गाडी चार चाकांवर उभी, हा विनोद आम्ही रोज ऐकतो आणि रोज हसल्यासारखं करतो. दर रविवारी शाळेच्या मैदानात जमतो. तू गेल्यानंतर मी बगळेवाल्यांच्या मंडळाची तपासनीस झाले. गाडी अस्सल की बनावट हे मी ठरवते. बँकेत तीस वर्षं सह्या तपासल्या, ती सवय कुठे जाते? जिचं इंजिन खोटं निघतं, तिच्या बोनेटवरचा बगळा सगळ्यांसमोर काढायचा, असा मंडळाचा नियम आहे. नियम मी केलेला नाही. स्क्रू मात्र मीच काढते.

आता नीट वाच. कंपनीच्या माणसांनी प्रत्येक गाडीच्या इंजिनावरच्या आकड्याचा ठसा मागितला आहे. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची, एवढंच. परवा आपल्या गाडीचा घ्यायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. स्वतःच्या गाडीला भिंग कोण लावतं? कंपनीचे आकडे यंत्राने मारलेले असतात, एका रेषेत, सारखेच खोल. आपल्या इंजिनावरचे आकडे हाताने ठोकलेले आहेत. चार खोल गेला आहे, शून्य उथळ आहे, आणि सात उजवीकडे तिरपा झाला आहे.

आकडा कागदपत्रांशी जुळतो, हे तू म्हणशीलच. अरे, खोटं इंजिन बसवणारा आकडा बरोबरच मारणार ना! माझा संशय तिथेच पक्का झाला.

ते इंजिन एकदाच खाली उतरलं होतं. आप्पा आजारी असताना, तू उतरवलंस. चार महिने बोक्याच्या गॅरेजात पडून होतं. त्याच चार महिन्यांत आप्पांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि भाड्याच्या गाडीतून न्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यावर मी तुला जे बोलायचं ते तेव्हाच बोलले आहे, पुन्हा बोलत नाही. आता फक्त एवढंच विचारते. आप्पांचं मूळ इंजिन कुठे आहे? कोणाला दिलंस?

खरं सांगितलंस तर ये, वरची खोली झाडून ठेवते. नाही सांगितलंस तर तुझं-माझं नातं संपलं. मी हे रागाने लिहीत नाही. पत्र दोनदा लिहून काढलं आहे.

ताई

१८ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. टपालाला बारा दिवस लागतात हे मला ठाऊक आहे. तरी नाही.

दरम्यान मी स्वस्थ बसलेली नाही. बोक्याकडे जाऊन आले. पोट सुटलं आहे त्याचं, मिश्या मात्र तशाच. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "ताई, चहा घेणार?" मी म्हटलं, चहा राहू दे, सात वर्षांपूर्वी आमच्या गाडीचं काय केलंत? तर म्हणे, "रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले. आणखी काय करणार? ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, तोच." आणि हे सांगताना तो माझ्याकडे न बघता पान्याकडे बघत होता. खरं बोलणाऱ्याला पान्याकडे बघायची काय गरज?

घरी येऊन यांना सांगितलं. तुझे भावोजी जेवता जेवता म्हणाले, "तो पान्याकडे बघत होता कारण त्याच्या हातात पाना होता." यांचं सगळं असंच. हे बँकेत असते तर बँक बुडाली असती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मंडळातल्या दोन गाड्या मी आधी नापास केल्या आहेत. एक बेकरीवाल्याची, एक दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दोन्हींवरचे आकडे असेच वाकडे. त्यांचे ठसे माझ्याकडे ठेवलेले आहेत. काल दुपारी टेबलावर तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि भिंग लावलं. तिन्हीकडे चार खोल. तिन्हीकडे सात उजवीकडे तिरपा, तेवढाच तिरपा. हा एकच हात आहे रे! सही कितीही बदला, हात लपत नाही. एकाच माणसाने तिन्ही इंजिनं ठोकली आहेत. म्हणजे हा एखाद्या वेळचा मोह नव्हता, हा धंदा होता. अस्सल इंजिनं बाहेर विकायची आणि भंगारातली आत घालायची. बोक्याला एवढी अक्कल नाही. अक्कल कोणाला होती ते मी लिहीत नाही.

बेकरीवाल्याचा बगळा काढला तेव्हा त्याने नुसती खिडकीची काच वर केली आणि निघून गेला. आता वाटतं, त्यालाही कोणीतरी फसवलंच असणार. मी त्याला तसं सांगितलं मात्र नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे.

ताई

२ फेब्रुवारी

धाकट्या,

आलं एकदाचं तुझं उत्तर. चार ओळी. पाठ झाल्या आहेत.

"ताई, इंजिन तेच आहे. आप्पांची शपथ. आकड्यांना हात लावू नकोस, घासू-बिसू नकोस. कारण विचारू नकोस, मला सांगता येणार नाही."

वा! कारण विचारू नकोस. बँकेत एकदा एक गृहस्थ खिडकीशी येऊन मला म्हणाले होते, मॅडम, ही सही बघू नका, खालची बघा. मी कोणती बघितली असेल?

घासू नकोस हे तुला सुचलंच कसं, मला एवढंच सांग. मी घासायचं म्हटलंच नव्हतं. पण तुला ठाऊक होतं की शहाणा माणूस तेच करणार. लोखंडावरचा जुना आकडा खोडून वर नवा मारला असेल, तर पॉलिशपेपरने घासून वर ॲसिडचा बोळा फिरवायचा. मग खालचा आकडा पुसट वर येतो. आम्हा मंडळींना हे ठाऊक असतं. तुलाही ठाऊक आहे, म्हणून घाबरलास.

तुझं पत्र सकाळी अकराला आलं. साडेअकराला मी बोनेट उघडलं. भावोजी म्हणाले, "अगं, तो नको म्हणतोय तर दोन दिवस थांब की." मी म्हटलं, दोन दिवस कशाला? तो येऊन मला गोड बोलून गुंडाळील म्हणून? हे आत गेले.

आधी त्या आकड्यांचा ठसा घ्यायचा असतो. मागच्या महिन्यात घ्यायला बसले होते तो अर्धाच राहिला, चार, शून्य, सात एवढंच उठलं आणि तो कागदही त्या टेबलावरच्या तपासणीत ॲसिडच्या बाटलीखाली भिजला. नवा घेतला नाही. चोराची सही कशाला जपून ठेवायची, असं वाटलं. दीड तास घासलं. हात भरून आले. सात सगळ्यांत शेवटी गेला. मग ॲसिड लावलं आणि वाट बघत बसले.

खाली काही नाही निघालं. स्वच्छ लोखंड. दोनदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. काहीच नाही.

म्हणजे तू कोरा ब्लॉक मिळवलास. सुटा, आकडा न मारलेला. हुशारी कमी पडू दिली नाहीस. आणि त्यासाठी आप्पांची शपथ घेतलीस, ज्यांना शेवटी स्वतःच्या गाडीत बसायला मिळालं नाही.

येऊ नकोस. वरची खोली मी झाडलेली नाही.

ताई

९ फेब्रुवारी

हे पत्र पाठवीन की नाही ठाऊक नाही.

रविवारी मैदानात मी आपल्या गाडीचा बगळा काढला. सगळ्यांसमोर, माझ्याच हाताने. म्हटलं, दुसऱ्याला एक नियम आणि मला दुसरा असं होणार नाही. एकदोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग कोणीतरी विचारलं, हे केलं कोणी? मी म्हटलं, माझ्या भावाने. तू मला चांगला ओळखतोस म्हणून सांगते, ते म्हणताना मला बरं वाटलं. माझा प्रामाणिकपणा चौतीस माणसांनी बघितला.

बेकरीवालाही आला होता. गाडीशिवाय, पायी, नुसता बघायला. निघताना जवळ येऊन म्हणाला, "ताई, खाली काही निघालं का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"कोरा ब्लॉक असणार."

"माझ्या गाडीवर मी स्वतः ॲसिड लावून बघितलं होतं. कोपऱ्यात थोडंसं. तिथेही काही नव्हतं," तो म्हणाला. "तीन कोरे ब्लॉक कुठून आणणार हो कोणी?"

मी म्हटलं, चोराला सगळं मिळतं. पण तेव्हापासून तेच मोजते आहे. तीन कोरे ब्लॉक. हा प्रश्न मला सुचायला हवा होता, आणि तो पाव भाजणाऱ्या माणसाला सुचला.

तू काहीतरी लपवतो आहेस एवढं नक्की. काय, ते आता मला नक्की सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

वीस तारखेला मी गेले होते. बगळा नसलेली गाडी आत सोडत नाहीत, म्हणून यांच्या डबड्यातून गेले आणि बाहेरच्या रस्त्यावर ती लावली. आत एकोणतीस बगळे रांगेने ये-जा करत होते. एकमेकांना ओलांडताना स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची आपली पद्धत आहे ना, तशी सगळ्यांची बोटं वर जात होती आणि मी पायी चालले होते. माझ्यासाठी कोणी बोटं उचलली नाहीत.

इंजिनाच्या शेडमध्ये जुना फोरमन बसवला होता, पाहुण्यांना माहिती सांगायला. सत्तरीचा असेल. त्याच्या शेजारी टेबलावर एक इंजिन होतं, कधीच गाडीत न बसलेलं, शेवटी उरलेलं. मी सवयीने वाकले, पर्समधून भिंग काढलं आणि बघितलं. चार खोल. सात उजवीकडे तिरपा.

मी सरळ उभी राहिले आणि दहा माणसांच्या देखत मोठ्याने म्हटलं, "हे इंजिन खोटं आहे."

फोरमन हसला. म्हणाला, "बाई, हे या शेडच्या बाहेरच गेलेलं नाही. खोटं कुठून होणार?"

मग त्याने सांगितलं. कंपनी डबघाईला आली तेव्हा आकडे मारायचं यंत्र मोडलं आणि दुरुस्तीला वरून नकार आला. दोन वर्षं आकडे हाताने मारले. बाहेर कळू द्यायचं नव्हतं, गिऱ्हाईक बिथरलं असतं. डाव्या हातात लोखंडी ठसा धरायचा आणि उजव्या हाताने हातोडी. सातच्या ठशाची कड झिजली होती, त्यामुळे तो बोटांत फिरायचा. नवा मागितला तो काही मिळाला नाही.

"एकच गृहस्थ करायचे ते काम," फोरमन म्हणाला. "डिस्पॅचच्या ऑफिसातून खाली पाठवले होते. खाली या नाहीतर घरी जा, असं सांगितलं होतं त्यांना. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, इथे कपाटात टांगायचे, संध्याकाळी हात घासून घासून धुवायचे आणि पुन्हा तो शर्ट घालून घरी जायचे. डाव्या अंगठ्याचं नख कायम काळं. आम्ही म्हणायचो, साहेब, घरी सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, मुलीला कळता कामा नये. ती बँकेत आहे."

मी भिंग पर्समध्ये ठेवलं. मी कोण ते सांगितल्यावर त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "तुमचा भाऊ इथे शिकाऊ होता ना? त्याला ठाऊक होतं. वडिलांनी त्याला या टेबलावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. आणि तुमची गाडी त्याच वर्षीची. तिचा आकडा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मारला, सावकाश. बाकीचे मारायला पाच मिनिटं लागायची, त्याला अर्धा तास घेतला."

धाकट्या, नखाचं मी विचारलं होतं आप्पांना. ते म्हणाले, बोनेट पडलं. दोन वर्षं रोज बोनेट पडतं का कोणाच्या अंगठ्यावर? जगाच्या सह्यांवर संशय घेत आले आणि हे विनातक्रार मान्य केलं, कारण ते मान्य करणं मला सोयीचं होतं. लग्न ठरताना मीच सासरी सांगितलं होतं, वडील कंपनीत ऑफिसर आहेत. सासूबाई प्रत्येक वेळी दिवाणखान्यात ते चारचौघांना सांगायच्या आणि मी मान वर करून ऐकायचे. आप्पाही शेजारी बसून ऐकायचे. ते कोणासाठी लपवत होते, हे मला फोरमनकडून कळायला नको होतं.

मंडळातून मी ज्या दोन गाड्या हाकलल्या, त्या आप्पांनी ठोकलेल्या होत्या. तिसरी आपली. तिन्हीकडे एकच हात आहे, हे मी बरोबर ओळखलं होतं. तो कोणाचा, ते ओळखलं नाही. आणि तू घासू नकोस म्हणालास, तरी मी घासला. तू म्हणालास म्हणूनच घासला.

मग इंजिन उतरवायला आप्पांनीच सांगितलं होतं हेही खरं असणार. तेव्हा तू तसं म्हणाला होतास. बरा झालो की मला गाडी तयार हवी, असं ते म्हणाले होते म्हणे. मी तुला त्यांच्या पायाशी उभं राहून खोटारडा म्हटलं होतं. मी चुकले. हे मला एका ओळीत लिहिता येत नाही, पण दुसरं कसं लिहितात तेही ठाऊक नाही. मी चुकले, तुझ्यावर अन्याय केला, आणि चौतीस माणसांसमोर केला.

रविवारी त्याच चौतीस माणसांसमोर सगळं सांगितलं. आप्पा खाली काम करत होते हेही सांगितलं. तपासनीसपद सोडलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं.

आता एक राग तुझ्यावरही आहे, तो गिळून ठेवत नाही. आप्पा जाऊन सात वर्षं झाली. एवढी कसली शपथ रे? मी तुला चोर म्हणत होते आणि तू चार ओळी लिहून गप्प बसलास!

ताई

१ मार्च

प्रिय धाकट्या,

मागच्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे, पण थांबवत नाही.

डॉक्टरीणबाईंचा बगळा परत दिला. त्या हसल्या, चहा दिला, उलट माझेच दात बघून दिले. बेकरीवाल्याकडे जायला चार दिवस लागले. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर बगळा काचेवर ठेवला आणि म्हटलं, चूक माझी होती, तुमची गाडी अस्सल आहे. त्याने तो एप्रनला पुसला. म्हणाला, "त्या दिवशी माझी बायको गाडीत होती, ताई." एवढंच. मागची माणसं खोळंबली होती, तरी मी तिथेच उभी राहिले. मग त्यानेच विचारलं, "गाडी मागच्या अंगणात आहे. बोनेट उघडू का? बघायचं असेल तुम्हाला."

मी नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं.

आपल्या गाडीवर आता आकडा नाही. बिनआकड्याची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि नवा आकडा मी मारून घेणार नाही. कोण मारणार? फोरमन म्हणाला, मी मारून देतो, तुमच्या वडिलांचेच ठसे आहेत माझ्याकडे. मी नको म्हटलं. ती गाडी आता दारात उभीच राहणार.

तुझं तिकीट तू रद्द केलंस, असं तुझ्या बायकोने यांना फोनवर सांगितलं. मी यांच्या शेजारीच बसले होते. फोन मागितला नाही. मागितला असता तर तू नाही म्हणाला असतास, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पत्रात नाही म्हणायला तुला निदान बारा दिवस लागतील.

पुन्हा तिकीट काढ. रागावून ये, न बोलता ये, हवं तर बोक्याकडे उतर. आपल्या गाडीवरचा आप्पांचा हात मी पुसून टाकला आहे. दुसऱ्याच्या गाडीवरचा बघायला मला एकटीने जाववत नाही.

ताई